सातव्या महिन्यातला हिरवा दिवा

आमच्या घरात चहा आणि मुलं यांचा संबंध फार जुना आहे, आणि तो आजीनं लावलेला आहे.

झालं असं, की दादा आणि मी यांच्यामध्ये आईचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं. आजीनं तिथल्या तिथं निकाल दिला, "उठता-बसता चहा ढोसतीस, दुसरं काय हुणार?" त्या दिवसापासून आईनं चहा सोडला. पुढच्याच वर्षी माझी चाहूल लागली आणि मी धडधाकट जन्मले. झालं! पुरावा घरातच रांगायला लागला. लहानपणी पाहुणे आले की आई मला पुढं करायची आणि म्हणायची, "चहा सोडला म्हणून ही हाय." आलेल्या बाया हातातल्या कपाकडं बघायच्या आणि पटकन खाली ठेवायच्या.

बोरवडीत आमची चिरमुऱ्यांची भट्टी आहे. कृष्णेच्या काठावरच्या चार गावांतल्या लग्नांना आणि जत्रांना चिरमुरे आमचे. कढईत वाळू तापवायची, खारवलेला तांदूळ टाकायचा, फुलला की चाळणीवर ओतायचा. वाळू खाली, चिरमुरा वर. खाली जाळायला भाताचं तूस. वडील गेल्यानंतर भट्टी आईनं, म्हणजे शालनबाईंनी, एकटीनं चालवली. दादा मोठा झाल्यावर कढईवर तो उभा राहिला आणि चाळणीवर त्याची बायको, समृद्धी वहिनी.

मी मात्र चिरमुऱ्यातून उडून पुण्याला पडले. जीवरसायनशास्त्र शिकले आणि एका कंपनीत 'कंकण' करणाऱ्या गटात लागले. हे खूळ माझ्या डोक्यात का शिरलं, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी वहिनीचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं. मी पुण्याहून धावत आले तर वहिनी भिंतीकडं तोंड करून पडलेली, आणि आई स्वयंपाकघरातला चहाचा डबा उचलून माळ्यावर टाकत होती. एक शब्द न बोलता. वहिनी मला एवढंच म्हणाली, "ताई, मी दोनच कप घेत होते हो."

मला त्या दिवशी आईचा संताप आला होता. अजूनही आठवलं की येतो.

कंकण म्हणजे बांगडीसारखं एक हलकं कडं. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात, टोचलेल्या कळत नाहीत. त्या दर दहा मिनिटांनी कातडीखालच्या पाण्यातलं कॅफिन मोजतात. चहातली तरतरी देणारा पदार्थ तो हाच. गरोदर बाईनं दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं डॉक्टर कधीपासून सांगत आलेत. आपल्या घरच्या एका कपात तीस ते पन्नास असतं, म्हणजे दोन कपांनी आभाळ कोसळत नाही. पण खरी गोम कपात नाही, निचऱ्यात आहे.

कॅफिन शरीराबाहेर काढण्याचं काम यकृतातलं एक विकर करतं. आमच्या भट्टीच्या भाषेत सांगायचं तर ते चाळणीवरचं माणूस. एरवी निम्मं कॅफिन चाळून टाकायला त्याला चार-पाच तास लागतात. बाई गरोदर राहिली की हे माणूस सुस्तावत जातं. सातव्या महिन्यापासून पुढं त्याच कामाला बारा-पंधरा तास लागतात. सकाळचा चहा संध्याकाळी अंगात असतोच, त्यावर संध्याकाळचा चढतो. बाळाला पोसणारी वार कॅफिनला अडवत नाही आणि बाळाच्या यकृतात तर चाळणच नसते. प्रत्येक बाईचा निचरा वेगळा, मग सगळ्यांना एकच माप कसं लावायचं? म्हणून कंकण. निचरा भरभर असेल तर हिरवा दिवा, संथ असेल तर पिवळा, म्हणजे एकाच कपावर थांबायचं, फारच साचलं तर तांबडा.

२०३९ च्या उन्हाळ्यापर्यंत कंकण गावोगाव गेलं, आणि आम्ही कधी मनात आणल्या नव्हत्या त्या गोष्टी सुरू झाल्या. हॉटेलवाले पोटाकडं बघून "ताई, कंकण दाखवा" म्हणायला लागले. सासवांनी सुनांचा दिवा स्वतःच्या मोबाईलवर जोडून घेतला. एका बाईला ऑफिसात तांबडा दिवा लागला तर सगळ्या मजल्यानं माना वळवून पाहिलं. हिरवा म्हणजे सुलक्षणी, तांबडा म्हणजे करंटी. आम्ही निचरा मोजत होतो आणि लोक बायका मोजत होते. मी गटाच्या बैठकीत हे बोलले, पण खरं सांगायचं तर फार जोरात बोलले नाही. माझं लक्ष बोरवडीकडं होतं.

आषाढात वहिनीला पुन्हा दिवस गेल्याचं मला कळलं तेव्हा पाचवा लागला होता. मी कंकण घेऊन गेले आणि आईच्या देखत तिच्या मनगटात चढवलं.

"आता करा चहा," मी म्हणाले.

माळ्यावरचा डबा दादानं काढला. वहिनीनं भीतभीत कप संपवला. दोन तास आम्ही दिव्याकडं बघत बसलो. हिरवा. दुपारी दुसरा कप. हिरवाच.

"बघ आई," मी म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही."

आईनं पदर खोचला आणि भट्टीवर निघून गेली. वहिनी मात्र तीन वर्षांनी पहिल्यांदा मोकळं हसली. मला तर गड जिंकल्यासारखं वाटलं. आईवर, आजीवर, सगळ्या कुळावर मात केली होती मी, आणि तीही शास्त्रानं!

भाद्रपदात वहिनीचं डोहाळजेवण झालं. मी जमलेल्या बायकांसमोर तिला तिसरा कप दिला. सातवा महिना, तिसरा कप, आणि दिवा हिरवागार. बाया तोंडात बोटं घालून बघत होत्या. मी आणखी फुशारकी मारली, "आमच्या वहिनीचं यकृत पैलवानाचं आहे."

चार दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मापं घेतली, पुन्हा घेतली आणि म्हणाल्या, "बाळाची वाढ दोन आठवड्यांनी मागं दिसते. घाबरू नका, पण पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा या. तोवर वाढलं नाही तर विचार करावा लागेल."

घरी आल्यावर आईनं इतके महिने गिळलेलं सगळं बाहेर काढलं.

"तिसरा कप कुणी दिला? तू! चार बुकं शिकलीस आन घरात आग लावलीस. एक गेलं, आता हे बी घालवतीस?"

"आई, दिवा हिरवा आहे. चहा तिच्या अंगात साचतच नाही."

"मग वाढंना का?"

मी आत गेले. वहिनी खोलीत बसून पोटावर हात फिरवत होती. मला बघून म्हणाली, "ताई, मी चहा सोडते. आत्याबाईंसारखा कायमचा. बाळ राहू दे फक्त." ज्यातून हिला सोडवायला मी इतकी वर्षं घालवली, तिथंच मी तिला परत आणून बसवलं होतं.

नेमका तेव्हाच आमच्या प्रमुखांचा, तांबोळी सरांचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"ऋतुजा, एकोणीस हजार बायकांत तुझ्या वहिनीचा निचरा पहिला आलाय! सातव्या महिन्यात साडेतीन तास! नवीन जनुक असणार. जाहिरातीत त्यांचा फोटो घेऊ या का?"

"सातव्या महिन्यात साडेतीन?" मी विचारलं.

"तुझ्याच घरातलं माणूस, तू आकडे बघितले नाहीस?"

नव्हते बघितले. मी दिवा बघितला होता. जे सासवा करत होत्या तेच मी केलं होतं.

त्या दुपारी मी पडवीत बसून वहिनीचे तीन महिन्यांचे आकडे उघडले. साडेतीन तास हा निचरा गरोदर नसलेल्या बाईचासुद्धा नव्हे, त्याहून जलद. शरीर असं उलटं कसं धावेल? रेघ सरळ चालली होती, फक्त श्रावणात एका जागी तिला फुगवटा आला होता. आठवडाभरात निचरा संथ होत होत आठ तासांवर गेला होता आणि नंतर परत खाली.

"वहिनी, श्रावणात हे काय झालं होतं गं?"

तिनं तारखा बघितल्या. "पंचमीला माहेरी गेले होते की. नऊ दिवस."

आई दारातून म्हणाली, "माहेरी जाऊन दाबून प्याली असंल."

"नाही हो आत्याबाई. भावाच्या घरी सकाळचा एकच कप मिळायचा."

म्हणजे चहा कमी आणि निचरा संथ. चहाचा इथं काही संबंधच नव्हता. माहेरात असं काय होतं, की चाळणीवरचं माणूस जसं सुस्तावायला हवं तसं सुस्तावलं? आणि इथं असं काय होतं, की ते झपाटल्यासारखं राबत होतं?

कडं नीट बघावं म्हणून मी ते वहिनीच्या हातातून काढलं आणि रुमालानं पुसलं. रुमालावर काळी रेघ उठली. परत पुसलं, परत काळी. वर बघितलं तर भट्टीचं धुराडं नेहमीसारखं धूर ओकत होतं, आणि वारं पडलं की रोज उतरतो तसा तो चाळणीच्या पडवीत उतरत होता.

ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असते. धुरात जी काजळीची रसायनं असतात, ती अंगात शिरली की शरीर त्यांना हुसकायला हेच विकर जास्तीचं तयार करतं. चाळणीवर एकाच्या जागी चार माणसं येतात आणि कॅफिनही त्यांच्याच हातून भराभर चाळलं जातं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात चहा टिकत नाही तो यामुळं. आमच्या घरात कुणी विडी ओढत नव्हतं. पण वहिनी पहाटे चारपासून त्या चाळणीवर बसत होती, आणि तिच्याबरोबर बाळही.

हिरवा दिवा खरं तेच बोलत होता. तो ओरडून सांगत होता की या बाईच्या अंगात धूर आहे. मी त्याचा अर्थ लावला होता, "घे अजून एक कप."

संध्याकाळी भट्टी विझल्यावर मी तिघांना समोर बसवलं आणि आधी स्वतःची चूक सांगितली, मग धुराचं सांगितलं. धुरातला विषारी वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो, बाळाला पुरेसा मिळत नाही, वाढ खुंटते. दादाची मान खाली गेली. आई ताठ बसून होती.

"चाळीस वर्सं त्या धुरात काढली मी. तुला त्याच धुरानं शिकीवलं."

"माहीत आहे आई."

"काल चहा हिरवा म्हणलीस. आज धूर म्हणतीस. उद्या काय म्हणशील? कशावर इस्वास ठेवू?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, "माझ्यावर ठेवू नकोस. करून बघू. उद्यापासून पितृपंधरवडा. भट्टी पंधरा दिवस बंद ठेव. चहा रोज दोन कप, मोजून. माझं खरं असेल तर निचरा संथ होईल आणि दिवा पिवळा येईल. हिरवाच राहिला तर मी चुकले. मग जन्मात तुझ्यापुढं तोंड उघडणार नाही."

"ताई, पिवळा वाईट ना पण?" वहिनीनं विचारलं.

"सातव्या-आठव्या महिन्यात पिवळाच यायला हवा गं. पिवळा म्हणजे तुझं शरीर जसं चालायला पाहिजे तसं चालतंय."

आई उठली. "पंधरवड्यात गिऱ्हाईक तसंबी नसतंच," एवढं बोलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक विचित्र खेळ सुरू झाला. अख्खा महाराष्ट्र हिरव्यासाठी नवस बोलत होता आणि आम्ही पिवळ्याची वाट बघत होतो. मी सुट्टी वाढवली. वहिनी सकाळी आठला एक आणि दुपारी तीनला एक कप घ्यायची. पहिल्या दिवशी साडेतीन तास. तिसऱ्या दिवशी सव्वापाच. पाचव्या दिवशी सात. आई विचारायची नाही, पण कंकणाजवळून जाताना तिची पावलं हळू व्हायची.

आठव्या दिवशी सकाळी वहिनी अंगणात तुळशीला पाणी घालत होती. ती एकदम ओरडली, "ताई! पिवळा! पिवळा आला!"

दादा आंघोळ अर्धी टाकून आला. वहिनी हात वर करून नाचायचीच बाकी होती. दिवसाचा दुसरा कप हातचा गेला म्हणून इतकी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "अगं बया, पिवळा आला आन हसताय काय?" त्यांना समजावत बसायला कुणाला वेळ होता!

आई मात्र पायरीवर बसून राहिली होती. मी जवळ गेले. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "ऋतू, तू कधीची?"

"हे काय विचारणं? महापुराच्या सालची. २००५."

"व्हय. श्रावणात पाणी भट्टीत शिरलं. कढई, वाळू, तूस, सगळं चिखलात. चार महिने भट्टी बंद व्हती. तू पोटात हुतीस तवा." ती थांबली. "आन तुझ्या दादाच्या येळंला मी पाचव्यापास्नं माहेरी हुते."

तेहतीस वर्षं मी जिचा पुरावा होते, ती गोष्टच निराळी निघाली होती.

"आन मधलं जे गेलं," आई म्हणाली, "तवा मी चाळणीवर हुते. रोज."

मी तिचा हात धरला. "आई, त्याचं कुणी सांगू शकत नाही. पुष्कळ बाळं मुळातच नीट जुळलेली नसतात, ती कशानंही जातात. यंत्र मागचं वाचत नाही. धुरानं गेलं असं मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. पण तू दोन कप चहा प्यालीस म्हणून गेलं, असंही कुणी म्हणू शकत नाही. वहिनीचंही."

आई रडली. तिला रडताना मी वडील गेल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. तिनं रडून घेतलं, तोंड धुतलं आणि वहिनीसमोर जाऊन उभी राहिली.

"समृद्धे, मी तुला तीन वर्सं बोलले न्हाय, पण डबा माळ्यावर टाकला. ते बोलण्यापरीस वाईट हुतं. चुकले मी."

वहिनीनं वाकून पाय धरायच्या आत आईनं तिला वरच्या वर धरलं.

घटस्थापनेला भट्टी परत पेटवायची होती. पुढं दिवाळी, म्हणजे वर्षाचा हंगाम. मी म्हणाले, वहिनीला पुण्याला नेते. आईनं ऐकून घेतलं नाही.

"सून घराभायेर जाणार न्हाय. भट्टी जाईल. चार म्हयनं पुरानं बंद ठिवली तर चालली, मग नातवंडासाठी का चालू न्हाय?"

"आणि नंतर?" दादानं विचारलं.

"नंतर ते इजेचं यंत्र आण, कवापास्नं मागं लागलायस. चव बदलली तर गिऱ्हाईक मला बोलंल. मी बघून घीन."

पुण्यात मी तांबोळी सरांसमोर बसले. फोटोचा विषय निघायच्या आत त्यांना वहिनीची रेघ दाखवली आणि म्हणाले, "सर, हा विक्रम नाही, हा धोक्याचा दिवा आहे. एकोणीस हजारांत अशा हिरव्या किती आहेत ते बघू या." दोनशे बारा निघाल्या. वीटभट्टीवरच्या, बेकरीतल्या, चुलीवर दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या. जाहिरातीची फाईल सरांनी स्वतःच्या हातानं बंद केली. महिन्याभरात कंकणाचे रंग आम्ही काढून टाकले. आता ते आकडा दाखवतं, तोही फक्त घालणारीला, आणि शेवटच्या महिन्यांत निचरा फार जलद दिसला तर एक प्रश्न विचारतं: तुमच्याभोवती धूर आहे का?

वहिनीचं बाळ पुढच्या तपासणीत एका आठवड्यानं मागं होतं, त्याच्या पुढच्या तपासणीत बरोबरीला आलं. मार्गशीर्षात मुलगी झाली. दोन किलो सातशे ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी आईच्या हातात दिली तर आईनं आधी तिला हुंगलं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर वहिनीनं चहा टाकला, आलं-बिलं घालून. तीन कप भरले आणि सवयीनं थांबली.

"चौथा घाल," आई म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडं बघत राहिलो. दादा म्हणाला, "आई, तू सोडलेला आहेस ना?"

"काशीला जाऊन न्हवता सोडला. मनानं सोडला हुता. मनानं धरायला कुणाची परवानगी काढायची?"

वहिनीनं कपबशी पुढं केली. आईनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला. मग डोळे मिटून बसली. मांडीवरची नात चुळबुळली तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"कसा झालाय, आत्याबाई?" वहिनीनं हळूच विचारलं.

आईनं बशीकडं पाहिलं. "एवढाच असतोय व्हय?" ती म्हणाली. "एवढ्याशाला मी पस्तीस वर्सं भ्याले."

मग तिनं रिकामी बशी पुढं केली. "घाल आणखी. आन साखर जरा बेतानं टाकत जा."